गुरुजी परत आले तो दिवस

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी अळूवड्या उकडायला ठेवत होते. "विषय आहे शिक्षणातलं नेतृत्व. चांगल्या मुख्याध्यापकाचे गुण आणि त्याची कामं. तुम्ही इतकी वर्षं केंद्रप्रमुख होतात, दहा-बारा मुद्दे तर सहज निघतील," त्या म्हणाल्या. मुद्दे निघतील हो. प्रशिक्षणांत पडद्यावर बघून बघून ते पाठच झालेत. दूरदृष्टी, संवादकौशल्य, निर्णयक्षमता, समाजाचा सहभाग. शेवटच्या चित्रात एकमेकांचे हात धरलेली माणसं, खाली 'धन्यवाद', आणि मग जेवणाची सुट्टी.

पण हे सगळे गुण ज्याच्या अंगात भरभरून होते, अशा एका माणसाच्या हातून एक चांगली शाळा कशी गेली ते मी जवळून बघितलंय. त्यामुळे मुद्दे लिहायला बसले की हात थांबतो. दिवाळी अंक लोक फराळाच्या ताटलीशेजारी ठेवून वाचतात, तेव्हा काहीतरी गोड लिहावं हे मलाही कळतं. माझ्याकडे ते नाही. जे आहे ते सांगते.

आधी केंद्रप्रमुख म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या नणंदेला अजूनही वाटतं की मी परीक्षेच्या केंद्रावर कॉप्या पकडायचे. जिल्हा परिषदेच्या जवळपासच्या दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्या शाळांवर एक केंद्रप्रमुख असतो. 'शाळांवर' हा शब्द मानापुरता. शिक्षक देणं आमच्या हातात नाही, बदली थांबवणं नाही, गळकं छप्पर दुरुस्त करणं तर नाहीच नाही. वरचा आदेश खाली न्यायचा, खालची माहिती वर पोचवायची, आणि ती माहिती नेहमी 'आजच, तातडीने' हवी असल्यामुळे सगळ्या मास्तरांच्या शिव्या गोड मानून घ्यायच्या. माझं केंद्र आंदर मावळात होतं. लोणावळ्याहून स्कूटरवर निघायचं, हमरस्ता सोडून डोंगराकडे वळायचं आणि जिथे रस्ता संपेल तिथे कुणाच्या तरी गोठ्यापाशी स्कूटर लावून चालायला लागायचं. एसटी होती, पण तिच्या भरवशावर कुणी राहत नसे.

या फिरण्यात मुख्याध्यापक ओळखायची माझी स्वतःची एक रीत तयार झाली. मुख्याध्यापकाला वर्षातून दोन सुट्ट्या स्वतःच्या अधिकारात देता येतात. कुणाला विचारायला नको, कुणाची सही नको. आमच्या खात्यात कुणालाही न विचारता करता येण्यासारखी ती बहुधा तेवढीच एक गोष्ट असेल. मग मी बघायचे, हा माणूस त्या दोन दिवसांचं काय करतो. एक गुरुजी त्या क्रिकेटच्या सामन्यांसाठी राखून ठेवायचे आणि कारण लिहायचे 'स्थानिक उत्सव'. एका बाईंनी दोन्ही सुट्ट्या लेकीच्या साखरपुड्यात आणि हळदीत घालवल्या; जेवायला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, त्यामुळे मीही काही बोलले नाही. एक महाशय तर सुट्ट्या द्यायचेच नाहीत. साहेब आले की छाती पुढे काढून सांगायचे, "सर, मी माझा अधिकार आजवर वापरलेला नाही!" साहेब खूश व्हायचे. मला त्या माणसाची कीव यायची.

तांबोळी गुरुजींनी त्या सुट्ट्यांचं काय केलं हे ऐकलं, तेव्हा मात्र मी थक्क झाले.

गुरुजी मूळचे कामशेतचे. वडिलांची बाजारात पानपट्टी होती. बोलणं मिठ्ठास, अंगाने काटक, आणि गावात पाऊल टाकलं की हाक मारल्याशिवाय एक घर ओलांडायचे नाहीत. गावाचं नाव मी इथे देत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. शाळा दोन शिक्षकी. अशा शाळेत मुख्याध्यापकाचं वेगळं पद नसतं, जो ज्येष्ठ शिक्षक असेल त्याच्याकडे पदभार. गुरुजी तिथे आले तेव्हा आवणीच्या दिवसांत शाळा ओस पडायची. भाताची रोपं उपटून खाचरात लावायच्या कामाला आमच्याकडे आवणी म्हणतात. त्या दिवसांत घरातलं चालतंबोलतं माणूस चिखलात असतं. मोठी पोरं रोपांच्या जुड्या वाहतात, धाकटी बांधावर तान्ह्यांना राखतात. एका घरची आवणी आज, दुसऱ्याची परवा, असं करत महिनाभर वर्गात बाकं तेवढी उरायची.

गुरुजींनी गावाला देवळात बसवलं आणि सरळ सौदा केला. माझ्या अधिकारात दोन सुट्ट्या आहेत, दोन्ही तुम्हाला दिल्या. दिवस तुम्ही ठरवा. त्या दोन दिवसांत सगळ्या गावाने इर्जिक करायचं, म्हणजे एकमेकांच्या खाचरात फुकट राबायचं, जेवण ज्याचं शेत त्याचं. हवी तेवढी पोरं घ्या. पण मग उरलेल्या दिवसांत एकही पोर बांधावर दिसलं नाही पाहिजे. गावाने शब्द दिला आणि पाळला. एका पावसाळ्यात मी कुणालाही न कळवता गेले, समोरच्या खाचरात सगळ्या बाया वाकलेल्या आणि शाळेत पट पूर्ण. मी व्हरांड्यात उभी राहून मुलं पुन्हा मोजली, कारण माझाच विश्वास बसेना.

पुढे गुरुजींनी काय केलं नाही ते विचारा. हातपंप बिघडला तर स्वतः खोलून बसायचे. खिचडीचे तांदूळ ओले झाले तर आपल्या हातांनी वाळत घालायचे. कुणाला ताप आला तर मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचे. घंटा तेच द्यायचे, फुलझाडांना पाणी तेच घालायचे, शाळेची किल्ली कायम त्यांच्या खिशात. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष होत्या हौसाबाई. नातवंडं सांभाळणारी, तोंडाने फटकळ, गावात वचक असलेली बाई. त्या मला दर वेळी एकच वाक्य ऐकवायच्या.

"गुरुजी हायेत म्हनून ही शाळा हाय, मॅडम. न्हाईतर हितं काय व्हतं? गुरं बसायची."

मला ते ऐकून फार बरं वाटायचं. दर महिन्याला सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरायची, तिथे मी उठता-बसता तांबोळी गुरुजींचं उदाहरण द्यायचे. मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी पुटपुटलं, "मॅडम, आम्हाला बायकापोरं आहेत." सगळे हसले. गुरुजीही हसले.

मग बदल्या आल्या. हल्ली त्या संगणकावर होतात. वशिला चालत नाही ही त्यातली चांगली गोष्ट, आणि कुणाचं म्हणणंही चालत नाही ही दुसरी. गुरुजींना खेड तालुक्यातली शाळा मिळाली. त्यांच्याबरोबरचे शिक्षकही त्याच यादीत गेले आणि ती जागा रिकामी राहिली. पदभार घ्यायला येणार होत्या जगताप बाई, बारामतीकडच्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी मला बाईंचाच फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, मी शाळेत आलेय. दाराला गावाने कुलूप लावलंय. तुम्ही आलात तर बरं."

शाळेला टाळं ठोकणं हे आमच्याकडे नवीन नाही. शिक्षक येत नाहीत म्हणून लावतात, बांधकाम निकृष्ट आहे म्हणून लावतात. इथे शिक्षक गेला म्हणून लावलं होतं. मी पोचले तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. जगताप बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, शेजारी छत्री आणि डब्याची पिशवी. चाळिशीच्या, सावळ्या, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. बघून कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत अशा.

"आमचं गुरुजी परत द्या, आत्ता कुलूप काडतो," एक म्हातारे आबा म्हणाले.

हौसाबाई बाईंकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यावर राग न्हाई आमचा. तुमी बी चांगल्याच असाल. पर आमाला आमचंच गुरुजी पायजेल."

मी बदलीचे नियम सांगून बघितले. ऐकतंय कोण! मग बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, वर कळवते, पोलीस बंदोबस्त मागवता येईल, नाहीतर तांबोळी गुरुजींनाच फोन लावते, ते एका शब्दात मिटवतील.

"पोलीस नकोत," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम, सरांना तर अजिबात फोन करू नका."

"का हो?"

"ते सांगतील आणि लगेच उघडेल. पण मग ती त्यांनी उघडलेली शाळा होईल. मी इथे पाहुणीच राहीन. मला थोडे दिवस द्या. मी इथेच बसते. गाव मला बघू दे, मी गावाला बघते."

मला हे जरा पुस्तकी वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून वर कळवलं की चर्चा सुरू आहे, आणि बाईंबरोबर पायरीवर बसले.

बाईंची कामाची तऱ्हा मला त्या पायरीवर कळली. त्या कुणाला काही सांगायच्या नाहीत, विचारायच्या. गंमत बघायला जमलेल्या मुलांना त्यांनी विचारलं, शाळेत घंटा कोण देतं? गुरुजी. पाणी कोण भरतं? गुरुजी. फळ्यावर तारीख? गुरुजी. बाई हसायला लागल्या. "मग तुम्ही काय करता रे?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंची नात घरून ताट आणि पळी घेऊन आली आणि तिने ठणाठणा वाजवून शाळा भरवली. व्हरांड्यातच. बाईंनी मुलांनाच विचारून ठरवलं, आधी गणित की आधी गोष्ट. मोठ्यांनी धाकट्यांना बसवलं. कुलपाकडे पाठ करून शाळा चालू झाली.

एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली जी मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. पहिला दिवस सोमवारचा होता आणि व्हरांड्यात बसलेली पोरं पेंगत होती. त्यांनी हौसाबाईंना विचारलं, ही झोपली नाहीत का? हौसाबाई उसासा टाकून बोलल्या.

"शनवार-आयतवार त्या शेहरवाल्यांच्या बंगल्यांवर पावणं येत्यात, बाई. बाया भाकऱ्या थापाय, भांडी घासाय जात्यात. पोरांना कुटं ठेवायचं? संगं नेत्यात. रातभर तितं गाणी चालत्यात, झोप कशी लागंल? सोमवारी दुपारपत्तोर कोन येत बी न्हाई."

"आणि आवणी? इर्जिक?"

"आता कसलं इर्जिक! निम्मी खाचरं बंगल्याखाली गेली. आमी आपलं गुरुजींच्या शब्दाला म्हनून दोन दिस एकमेकांकडं जातो."

मी ओशाळले. ज्या दोन सुट्ट्यांचं कौतुक मी सगळ्या केंद्रात सांगत फिरत होते, त्यांच्या खालचं शेतच सरकलं होतं. पोरांची शाळा आता पावसाळ्यातल्या आवणीत बुडत नव्हती, दर सोमवारी बुडत होती. गुरुजींना हे ठाऊक नसेल असं नाही. पण स्वतः बसवलेली घडी इतकी नीट बसलेली असते की ती मोडून बघावी असं सुचत नाही. बाईंना सुचलं, कारण त्यांच्या हातात तेव्हा मोडण्यासारखं काहीच नव्हतं.

बुधवारी दुपारी हौसाबाई किटली भरून चहा घेऊन आल्या. बाईंना दिला, मला दिला आणि पायरीवर टेकल्या.

"तुमी लय चिवट दिसताय," त्या बाईंना म्हणाल्या.

"घरीही तेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

हौसाबाई हसल्या. त्यांना बाईंपुढे हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "किल्ली माज्याकडंच हाय. आज रातच्याला म्हाताऱ्यांशी बोलते. उद्या बगू."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मी घरी येताना स्कूटरवर गाणं गुणगुणत होते हे मला चांगलं आठवतं.

गुरुवारी सकाळी मी वळण ओलांडून वर आले तर शाळेपुढे ओळखीची मोटारसायकल. गुरुजी आले होते. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं. खेडच्या त्यांच्या शाळेत कुणाकडून तरी बातमी पोचली, आपल्यामुळे एका बाईंना तीन दिवस पायरीवर बसावं लागतंय या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना, आणि रजेचा अर्ज टाकून ते पहाटेच निघाले होते. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. गाव गोळा झालं होतं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या, पोरं गुरुजींच्या कमरेला लोंबकळत होती. गुरुजींनी हात जोडले.

"माझ्या शब्दाला मान असेल तर आत्ता कुलूप काढा. बाईंना त्रास दिलात तर तो मला दिल्यासारखा आहे."

हौसाबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि गुरुजींच्या हातात ठेवली. गुरुजींनी दार उघडलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या, बाहेर आले आणि किल्ली जगताप बाईंच्या हातात दिली. "घ्या बाई. आता शाळा तुमची." टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या. एक भानगड मिटली, वर कळवायला बरी बातमी मिळाली, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बाईंनी गुरुजींचे आभार मानले, मनापासून मानले. मग माझ्याजवळून आत जाताना हलकेच म्हणाल्या, "आजचा एक दिवस हवा होता, मॅडम."

त्यांना काय म्हणायचं होतं ते पुढच्या महिन्यांत उलगडत गेलं. गावाने बाईंना कधी उलट उत्तर दिलं नाही. उलट फार अदबीने वागवलं. पण काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुरुजींना फोन लावून इचारतो." झेंडावंदनाला पाहुणा कोण, गुरुजींना विचारा. सहलीला कुठे न्यायचं, गुरुजींना विचारा. आणि गुरुजी प्रत्येक फोन उचलायचे. त्यांना वाटायचं, नव्या बाईंना आपली मदत होतेय.

बाईंनी समितीच्या बैठकीत आपला बेत मांडला तेव्हा मी हजर होते. सोमवारी ज्या बाया गावात असतील त्यांनी पाळीपाळीने पोरांना गोळा करून शाळेत आणायचं. त्या बायांनीच किल्ली ठेवायची, शाळा उघडायची, हजेरी मोठ्या मुलींनी घ्यायची. आणि अधिकारातल्या दोन सुट्ट्या आवणीला न देता, जोडून सुट्ट्या येऊन बंगले भरून जातात त्यानंतरच्या दिवशी द्यायच्या, म्हणजे पोरं त्या दिवशी झोप काढून दुसऱ्या दिवशी शाळेत येतील. साधा, गावाच्या आजच्या दिवसाला बसणारा बेत होता. दोन-तीन तरुण आया पुढे सरकून बसल्यासुद्धा.

"पर गुरुजी किल्ली कुनाकडं देत नव्हतं," आबा म्हणाले.

शाळेत फोनवर आवाज तुटायचा, देवळाच्या ओट्यावर नीट यायचा. बैठक उठून तिथे गेली. फोन लागला, आवाज मोठा केला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा तो मिठ्ठास आवाज आला. "बाईंचा विचार चांगला आहे. पण आवणीच्या सुट्ट्या मोडू नका हो, मावशी. किती कष्टाने ती रीत बसवलीय आपण. आणि किल्ली शिक्षकाकडेच असलेली बरी, उद्या काही झालं तर?"

झालं. तरुण आया मागे सरकल्या. आवणीच्या सुट्ट्या तशाच राहिल्या, सोमवारही तसेच राहिले. हौसाबाई जाताना बाईंच्या नजरेला नजर देईनात.

मी नंतर गुरुजींशी बोलले नाही का? बोलले. म्हटलं, फोन उचलणं जरा कमी करा. ते इतके दुखावले की मलाच कसंतरी झालं. "माझी पोरं आहेत ती, मॅडम," ते म्हणाले. मी विषय बदलला.

बंगल्यांसाठी पक्का रस्ता झाला आणि त्याच रस्त्याने खालच्या इंग्रजी शाळेची गाडी वर यायला लागली. एकेक करून मुलं त्या गाडीत बसायला लागली. कुठल्याही घरी गेलं की ऐकायला मिळे, "गुरुजी असतं तर धाडलं नसतं." बाईंनी घरोघर फिरून जेवढी थांबवता येतील तेवढी थांबवली. पण त्यांच्या सांगण्यामागे गावाचा जोर नव्हता. पुढच्या बदल्यांत त्यांनी मळवलीकडची एक शाळा मागितली आणि त्यांना ती मिळाली. या वेळी कुणी टाळं ठोकलं नाही. एकट्या हौसाबाई एसटीपर्यंत गेल्या. परत येताना मला वाटेत भेटल्या आणि म्हणाल्या, "आमचं चुकलं, मॅडम. पर आता कुनाला सांगायचं?"

त्यानंतर जे शिक्षक आले ते आले तसे गेले. पट एवढा घसरला की उरलेल्या पोरांना शेजारच्या गावच्या शाळेत धाडायचा आदेश निघाला. तो आदेश गावात नेऊन वाचून दाखवायचं काम केंद्रप्रमुखाचं, म्हणजे माझंच. माझी नोकरी संपायला थोडेच दिवस राहिले होते. एवढ्या वर्षांत मी वरचे कितीतरी कागद खाली नेले, पण त्या दिवशी मी अर्ध्या ओळीवरच थांबले. आबा म्हणाले, "बसा मॅडम, पानी प्या." कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात तांबोळी गुरुजी माझ्याकडे लोणावळ्याला आले. तेही आता निवृत्त झालेत. शाळा बंद झाल्याचं त्यांना कळून बरेच दिवस झाले होते, पण आपण त्यात कुठे आहोत हे त्यांना हौसाबाईंनी सांगितलं, आणि हौसाबाई सांगतात तेव्हा आडपडदा नसतो. गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"मी त्या दिवशी गेलो नसतो तर, मॅडम?"

मी म्हटलं, आता त्याचं काय. पण ते काही माझं खरं उत्तर नव्हतं आणि त्यांनाही ते कळलं.

"मला जगताप बाईंची माफी मागायचीय. तुम्ही बरोबर चला. एकट्याला धीर होत नाही."

पुढच्या सोमवारी आम्ही मळवलीला उतरलो आणि तिथून चालत शाळेत गेलो. बाईंना कळवलं नव्हतं. त्या भागात सगळी बंगल्यांची राखण करणारी आणि भातशेतीवाली घरं. शाळेच्या फाटकापाशी एक बाई पाठीवर दप्तर लटकवलेल्या चार पोरांना घेऊन आत शिरत होती. आम्ही विचारलं, "मुख्याध्यापक बाई आहेत का?"

"बाई न्हाईत. रजेवर हायेत चार दिस. सासूबाई दवाखान्यात हायेत त्यांच्या."

"मग शाळा?" माझ्या तोंडून निघून गेलं. जुनी सवय.

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "शाळेला काय झालंय? चालू हाय की. या, बसा, च्या टाकते."

आम्ही व्हरांड्यात बसलो. आतल्या वर्गात एक तरुण सर भागाकार शिकवत होते. दुसऱ्या वर्गात एक आई जमिनीवर बसून गोष्ट वाचत होती, अडखळत वाचत होती, आणि अडली की समोरची चिमुरडी तिला शब्द सांगत होती. दोन मुली सोमवारी उशिरा येणाऱ्या पोरांची नावं एका पाटीवर लिहून, ती सगळी आली की नाही ते बघत होत्या. कुणीतरी घंटा दिली. कुणाच्याही तोंडी बाईंचं नाव नव्हतं, कुणी त्यांची वाट बघत नव्हतं.

गुरुजींचा चहा तसाच निवला.

"मी सगळ्या नोकरीत शाळा चालू असताना एकदाही घरच्या कामासाठी रजा काढली नाही, मॅडम," शेवटी ते म्हणाले. "वडील गेले तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी शाळेत होतो. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तेच सांगितलं. मला किती अभिमान वाटला होता."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

आम्ही उठलो. मघाची बाई कप न्यायला आली. "बाईस्नी काय सांगू? कोन आलतं म्हनू?"

गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांच्या ओठांवर नाव आलेलं मला दिसलं. मग त्यांनी आतल्या वर्गाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली.

"कुणी नाही," ते म्हणाले. "काही सांगू नका त्यांना."